टोकियो–लॉस एंजेलिस: अंतर तेवढंच, मग जाताना १० तास आणि येताना १२ का?

प्रश्न असा होता की टोकियो ते लॉस एंजेलिस विमानाने अंतर नक्की किती, कारण एका साइटवर ८,८०० दिसतं, दुसरीकडे ५,४७० आणि तिसरीकडे ४,७५०, वेळ बघायला गेलं तर जाताना १० तास नि येताना १२ तास, मग खरं काय धरायचं आणि मधले २ तास जातात कुठे. मी २१ वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे, म्हणजे विमान उडायच्या आधी जमिनीवर बसून त्याचा रस्ता, उंची, फ्युएल ठरवायचं आणि ते उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं हे माझं काम, आणि पॅसिफिकवरच्या फ्लाइट्स मी इतक्या काढल्यात की याचं उत्तर एका ओळीत देणं मला जमणार नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी सोप्पं उरकतो. ते तिन्ही आकडे बरोबर आहेत. ८,८०० हे किलोमीटर, ५,४७० हे साधे मैल आणि ४,७५० हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि विमान नि जहाजवाले सगळा हिशोब त्याच्यातच करतात. बऱ्याच साइट्स नुसतं मैल लिहून मोकळ्या होतात, कुठला मैल ते सांगत नाहीत, आणि मग लोकांचा घोळ होतो. थोडा फरक अजून एका गोष्टीने पडतो, कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी एअरपोर्टपासून, आणि टोकियोला मोठे एअरपोर्ट दोन आहेत, हानेदा आणि नारिता, त्यामुळे ५०-६० किलोमीटर इकडे तिकडे होणारच. त्यात डोकं घालू नका.

आता हे ८,८०० किलोमीटर आले कुठून? इथे बहुतेक लोक नकाशामुळे फसतात. टोकियो साधारण ३५-३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि लॉस एंजेलिस ३४ वर, म्हणजे जवळपास एकाच आडव्या रेषेत, म्हणून भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की वाटतं विमान सरळ पूर्वेला निघालं आणि सरळ पोचलं. पण पृथ्वी गोल आहे आणि तो नकाशा चपटा करून ताणलेला आहे. मर्केटरने तो १५६९ मध्ये बनवला तो जहाजांना होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून, अंतर मोजायला नाही, त्याच्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या सीनियरने मला पहिल्याच आठवड्यात टेबलावरचा पृथ्वीचा गोल दिला आणि शिवणकामाचा दोरा दिला, म्हणाले एक टोक टोकियोवर अंगठ्याने दाब, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि आता दोरा ताण. मी आधी दोरा ३५ अंशांच्या छापील रेषेवर नीट बसवला होता, ताण दिल्याबरोबर तो रेषेवरून सटकला आणि वर उत्तरेला सरकत सरकत जाऊन अलास्काच्या टोकापासून पसरलेल्या अल्युशियन बेटांच्या थोडा खाली थांबला, आणि माझ्या हातात दोऱ्याचा एक तुकडा जास्तीचा उरला. तो उरलेला तुकडा म्हणजे साधारण ४५० किलोमीटर. सरळ पूर्वेला गेलं तर ९,२०० च्या वर भरतं, ताणलेल्या दोऱ्याने गेलं तर ८,८००. या ताणलेल्या रेषेला ग्रेट सर्कल म्हणतात, टोकियो–लॉस एंजेलिसच्या बाबतीत ती मध्यावर जवळपास ४७-४८ अंश उत्तरेपर्यंत चढते. विमानातल्या स्क्रीनवर जो वाकडा रस्ता दिसतो आणि लोक म्हणतात हे एवढं फिरून का चाललंय, ते फिरून नाही चाललेलं, तोच सरळ रस्ता आहे.

तर साइटवाले जे अंतर दाखवतात ते हे ताणलेल्या दोऱ्याचं. मग ते त्याला एखाद्या स्पीडने भागतात आणि वेळ लिहितात. मोठी लांब पल्ल्याची विमानं साधारण माख ०.८५ ला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात, त्या उंचीवरच्या थंड हवेत ते होतं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. ८,८०० भागिले ९०० केले की पावणेदहा तास येतात. आणि हा पावणेदहा तासांचा आकडा ना जाताना लागू पडतो ना येताना, कारण यात हवा धरलेलीच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं, आणि ती हवा स्वतः कुठेतरी निघालेली असते. शाळेत नाव आणि प्रवाहाची गणितं केलेली आठवत असतील, प्रवाहाच्या दिशेने जाताना वेग वाढवायचा आणि प्रवाहाच्या विरुद्ध जाताना वजा करायचा, बस्स, आमच्या धंद्याचं निम्मं गणित तेच आहे. फक्त आमची नदी १०-११ किलोमीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर ती ताशी ३०० किलोमीटरच्या वरसुद्धा वाहते.

हीच जेट स्ट्रीम. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हवेचा पट्टा, रुंदी काही शे किलोमीटर, जाडी जेमतेम काही किलोमीटर, आणि सरळ न जाता नदीसारखी वळणं घेत जाणारा. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून हा तयार होतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पूर्वेकडे वळण मिळतं, आणि फरक जितका जास्त तितका जोर जास्त, म्हणून हिवाळ्यात तो भरात असतो आणि उन्हाळ्यात मंदावून उत्तरेला सरकतो. जपानजवळ तो एवढा जोरात का, तर एका बाजूला सायबेरियाकडून उतरणारी गारठलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला उबदार समुद्र, दोन्ही अगदी शेजारी शेजारी.

याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामान शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या हवेचा वेग मोजला, आणि हिवाळ्यात वर प्रचंड जोराचं वारं आहे हे आकड्यांनिशी लिहून ठेवलं. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्पेरांतो या जगाची सामाईक भाषा म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, आणि ती भाषा वाचणारे इतके कमी की बाहेर कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकन बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांना हे वारं अंगावर घेऊन कळलं. नेहमीच्या प्रवासी विमानाला त्याचा फायदा करून द्यायला १८ नोव्हेंबर १९५२ उजाडला, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलुला २५,००० फुटांवर हे वारं पाठीशी घेतलं आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला. विमान तेच, इंजिनं तीच, फक्त उंची आणि रस्ता बदलला. माझ्या कामाचा पाया त्या दिवशी घातला गेला असं मी मनापासून मानतो.

आता तुमच्या २ तासांकडे येऊ. समजा सगळ्या रस्त्यावर सरासरी ताशी ९० किलोमीटरचं वारं आहे. जाताना ते पाठीशी, ९०० चे ९९० झाले, ८,८०० किलोमीटरला ८ तास ५३ मिनिटं. येताना तेच वारं समोरून, ९०० चे ८१० झाले, १० तास ५२ मिनिटं. झाले की २ तास. इथे एक बारीक गोष्ट बघा, वारं नसतं तर ९ तास ४७ मिनिटं लागली असती, म्हणजे जाताना वाचली ५४ मिनिटं पण येताना गेली ६५. लोकांना वाटतं जाण्यातला फायदा आणि येण्यातला तोटा बरोबर फिटतो, तो कधीच फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं आणि तेवढा जास्त वेळ ते वारं सोसत बसतं. वारं जितकं जोराचं तितकी ही तफावत वाढत जाते.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच, पृथ्वी फिरते म्हणून येताना-जाताना फरक पडतो का. नाही. पृथ्वीबरोबर तिची हवा पण फिरते आणि त्या हवेत विमान पण. तसं असतं तर विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेला सरकते, मग पश्चिमेला जाणारं विमान पोचायला जवळपास वेळच लागला नसता. फरक वाऱ्याचाच आहे.

पण आम्ही नुसतं वारं मोजून गप्प बसत नाही, रस्ताच वाऱ्याप्रमाणे वाकवतो, आणि इथेच ते साइटवरचं अंतर निकामी होतं. जानेवारीतल्या एखाद्या रात्रीचं चित्र बघा. टोकियोहून निघणारी फ्लाइट, माझ्यासमोर दोन प्लॅन. पहिला ताणलेल्या दोऱ्याचा, ८,७८० किलोमीटर, पण त्या दिवशी जेट स्ट्रीम (आम्ही नुसतं जेट म्हणतो) खाली ४० अंशांच्या आसपास वाहतोय आणि हा रस्ता त्याच्या वरून जातोय, म्हणून पाठीशी वारं सरासरी ५५ चंच, वेळ ९ तास १२ मिनिटं. दुसरा प्लॅन मुद्दाम दक्षिणेला ओढलेला, ९,०८० किलोमीटर, ३०० किलोमीटर जास्त, पण जवळजवळ सगळा रस्ता जेटच्या पोटातून, वारं सरासरी १४०, वेळ ८ तास ४४ मिनिटं. जास्त अंतर आणि अठ्ठावीस मिनिटं कमी. त्या अठ्ठावीस मिनिटांत काही टन फ्युएल वाचतं. तो लांबचा रस्ता मी डोळे झाकून घेतो, फक्त जेटच्या कडेला हवा फाटल्यासारखी होते, तिथे ढग नसतानाही विमान हादरतं, ते कुठे येतंय ते बघून उंची वरखाली करावी लागते.

परतीला नेमकं उलटं. समोरून वारं, मग त्याला चुकवायचं. दोऱ्याच्या रस्त्याने ८,७८० किलोमीटर पण समोरून १३० चं वारं, ११ तास २४ मिनिटं. त्यापेक्षा विमान अमेरिकेच्या किनाऱ्याने वर अलास्काकडे काढायचं, अल्युशियन बेटांच्या बाजूने रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाच्या खालून जपानात उतरवायचं, ९,२०० किलोमीटर भरतात पण तिथे समोरचं वारं ५० वर येतं, १० तास ४९ मिनिटं. म्हणजे हिवाळ्यात त्याच दोन शहरांमध्ये जाणारं विमान आणि येणारं विमान यांच्या रस्त्यांमध्ये मध्यावर हजारेक किलोमीटरचं अंतर पडू शकतं. आता सांगा, अंतर किती म्हणून विचारलं तर मी कुठलं सांगू?

आमच्यात म्हणून दोन अंतरं असतात, जमिनीवरचं आणि हवेतलं. हवेतलं म्हणजे विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली. वरच्या जानेवारीच्या उदाहरणात जाताना दुसऱ्या प्लॅनचे ८ तास ४४ मिनिटं गुणिले ९०० म्हणजे जेमतेम ७,८६० किलोमीटर, आणि परतीला १० तास ४९ मिनिटं म्हणजे ९,७३५. इंजिनांना आणि फ्युएलला फक्त हेच अंतर कळतं. कॅप्टन प्लॅन हातात घेतला की आधी सरासरी वाऱ्याचा आकडा बघतो, अधिक की उणे आणि किती, मग फ्युएल, किलोमीटर कोणी विचारत नाही.

हे रस्ते रोज बदलतात. उत्तर पॅसिफिकवर जपान आणि अमेरिकेचे एअर ट्रॅफिकवाले दररोज त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे ट्रॅक काढून जाहीर करतात, त्याला पॅकॉट्स म्हणतात, तसेच लंडन–न्यूयॉर्कच्या बाजूला उत्तर अटलांटिकचे ट्रॅक. समुद्राच्या मध्यावर रडार नाही, म्हणून विमानांना शिस्तीत ओळीत ठेवावं लागतं, आणि कधी तुम्हाला हवी ती उंची दुसऱ्या विमानाने आधीच घेतलेली असते, मग खालच्या उंचीवर जास्त फ्युएल जाळत बसा.

लंडन–न्यूयॉर्कचं नाव निघालंच आहे तर, ९ फेब्रुवारी २०२० ला सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीवरचा स्पीड ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा किती जणांनी मला विचारलं की विमानाने आवाजाचा वेग ओलांडला का. नाही ओलांडला, हवेच्या तुलनेत ते रोजच्याच वेगाने उडत होतं, हवाच पळत होती. आवाजाच्या दुपटीने खरोखर उडायचं ते काँकॉर्ड, त्याने तोच प्रवास ७ फेब्रुवारी १९९६ ला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत केलाय.

वाऱ्याशिवाय रस्ता वाकवणारी बाकी कारणं पण आहेत. एक म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचा नियम. समुद्रावर एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळेत, उदाहरणार्थ १८० मिनिटांत, कुठल्यातरी चालू एअरपोर्टला पोचता आलं पाहिजे. पॅसिफिकवर असे एअरपोर्ट बोटावर मोजण्याइतके, अलास्कात कोल्ड बे, मध्ये समुद्रात मिडवे. एका रात्री कोल्ड बेला आडवं वारं इतकं होतं की तिथे उतरणं नियमात बसत नव्हतं, माझा उत्तरेचा सुंदर प्लॅन तिथेच बाद झाला, मला अख्खा रस्ता खाली आणावा लागला आणि विमानाला पंचवीस मिनिटं जास्त लागली. आतल्या प्रवाशांना वाटलं असेल आज उशीर का, त्यांना ते कळायची सोय नसते, पण तो उशीर त्यांच्यासाठीच होता. नवीन विमानांना ही मुदत बरीच वाढवून मिळालेली आहे, ए-३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत, त्यामुळे रस्ते आता पूर्वीपेक्षा सरळ झालेत.

दुसरं कारण देशांच्या हवाई हद्दी. हेलसिंकी–टोकियो घ्या, दोरा ताणला तर ७,८५० किलोमीटरच्या आसपास, रशियावरून साडेनऊ तासांत व्हायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपच्या कंपन्यांना रशियाची हद्द बंद झाली आणि तीच फ्लाइट एकदम १३ तासांवर गेली, कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून वळसा घालून. शहरं हलली नाहीत, साइटवरचं अंतर आजही तेच दिसतं. ध्रुवाकडून जायचं म्हटलं तर फ्युएल गोठायची काळजी वेगळी, जेट ए-१ या विमानाच्या फ्युएलची मर्यादा उणे ४७ अंश आणि जेट ए या दुसऱ्या प्रकाराची उणे ४०, टाकीतलं तापमान त्याच्या जवळ यायला लागलं की खाली उतरायचं नाहीतर स्पीड वाढवायचा.

सगळ्यात लांबची रोजची फ्लाइट सिंगापूर–न्यूयॉर्क, सुमारे १५,३४० किलोमीटर आणि साडेअठरा-पावणेएकोणीस तास, तिचा दोरा गोलावर ताणून बघाच, जवळजवळ उत्तर ध्रुवाला लागतो. पण विमान जाताना बहुतेक वेळा पॅसिफिकवरून, जपानच्या बाजूने जेट पाठीशी घेऊन जातं. दक्षिण गोलार्धातही हाच खेळ, सिडनी–सँटियागो जाताना साडेबारा तास आणि येताना चौदाच्या आसपास, कारण तिथेही वरचं वारं पश्चिमेकडूनच.

आता तिकिटावरचा वेळ. तिकिटावर जो कालावधी लिहिलेला असतो तो हवेतला वेळ नाही, तो ब्लॉक टाइम. विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून ते पोचल्यावर गेटला लागून चाकांना ठोकळे लागेपर्यंत. त्यात टॅक्सी म्हणजे विमानाचं गेट ते रनवे जमिनीवरून चाकांवर जाणं आलं, रनवेसाठीची लाइन आली, पोचल्यावर रिकाम्या गेटची वाट बघणं आलं. मोठ्या एअरपोर्टवर दोन्ही टोकांचं मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय कंपन्या थोडी सूट ठेवतात, कारण १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर धरलं जातं. म्हणून कधीकधी विमान अर्धा तास आधी पोचतं आणि सगळे खूश होतात, ते खरं तर त्या दिवशी वारं बरं होतं एवढंच. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि टोकियो–लॉस एंजेलिस हिवाळ्यात थोडं कमी, उन्हाळ्यात थोडं जास्त, परतीला त्याच्या उलट. १० आणि १२ हे असे आले.

आणि कृपा करून पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करू नका. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. टोकियोहून रविवारी संध्याकाळी ५ ला निघालात, १० तासांनी पोचलात, तर हिवाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच रविवारचे सकाळचे १० वाजलेले असतात, म्हणजे निघायच्या ७ तास आधी. परत येताना सोमवारी दुपारी १२ ला निघालात, १२ तास बसलात, की टोकियोत मंगळवारची संध्याकाळ ५. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. मी सांगतो ती पद्धत वापरा, दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी ठरवलेल्या एकाच प्रमाणवेळेत आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, वर्षभर. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, उन्हाळ्यात ७, कारण अमेरिकेत घड्याळ पुढे करतात आणि जपानमध्ये नाही. संध्याकाळी ५ मधून ९ काढले, ८ यूटीसी, अधिक १० म्हणजे १८ यूटीसी, त्यातून ८ काढले, सकाळचे १०. माझ्या जवळच्या नात्यातल्या एकांनी हा एक दिवस विसरून पुढचं हॉटेल चुकीच्या तारखेचं बुक केलं होतं, मध्यरात्री दोन लहान मुलं घेऊन लॉबीत बसून राहावं लागलं त्यांना, तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगतोच.

कुठल्याही दोन लांबच्या शहरांसाठी घरबसल्या अंदाज करायचा असेल तर मी हे करतो. दोऱ्याचं अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५० ने भागा, ९०० ने नाही कारण चढताना नि उतरताना स्पीड कमी असतो आणि रस्ता थोडा वाकडा असतोच, मग त्यात पाऊण तास मिळवा. प्रवास पूर्वेकडे असेल तर साधारण ८ टक्के कमी करा, पश्चिमेकडे असेल तर ८ टक्के वाढवा, उत्तर-दक्षिण असेल तर आहे तसं ठेवा. टोकियो–लॉस एंजेलिसला ८,८०० भागिले ८५० म्हणजे १० तास २१ मिनिटं, अधिक पाऊण तास, ११ तास ६ मिनिटं, पूर्वेकडे सव्वादहाच्या आत, पश्चिमेकडे १२. लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर, तिथे येतात पावणेसात आणि पावणेआठच्या थोडं वर. लंडन–जोहान्सबर्ग उत्तर-दक्षिण आहे, तिथे जाता-येता जवळपास सारखंच दिसेल. मध्ये एखाद्या देशाची हद्द बंद असेल तर मात्र हा हिशोब सोडून द्या.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की लॉस एंजेलिसहून परत आल्यावर टोकियोत दीड तासाचं कनेक्शन घेऊ का. येताना, तेही हिवाळ्यात, मी घेणार नाही, समोरच्या वाऱ्यात अर्धा तास जास्त लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग घ्या, इमिग्रेशन करा, परत चेक-इन करा, काउंटर बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतो, म्हणजे तुमच्या हातात उरतात ती तीस मिनिटं. कुठल्याही फ्लाइट ट्रॅकरवर तुमचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या सात दिवसांत तो प्रत्यक्ष किती वाजता गेटला लागला ते दिसतं, त्या सातातला सगळ्यात उशिराचा वेळ घ्या आणि तिथून पुढे तीन तास सोडून दुसरी फ्लाइट बघा. एकाच तिकिटावर असेल तर दोन तास चालतील.